धाकटीची गाडी

२ मार्च

आले एकदाची आपल्या घरी. 'आपल्या घरी' असं लिहून मघापासून त्या दोन शब्दांकडेच बघत बसले आहे. छत्तिसाव्या वर्षी लग्न म्हणजे वहिनीच्या मते सुटता सुटता पकडलेली शेवटची गाडी. असेना का! पकडली, आणि वर खिडकीजवळची जागा मिळाली.

एकापाठी एक तीन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे फरशीचं अंगण. अंगणाच्या भिंतीपलीकडे लाकडाची वखार आहे. सकाळी करवत सुरू झाली की संध्याकाळपर्यंत दम घेत नाही. समोरासमोर उभं राहूनही ओरडून बोलावं लागतं. मला हसूच आलं. नव्या नवरीने हळू बोलावं म्हणतात, इथे हळू बोलले तर उपाशी राहीन.

सासूबाई बारीक चणीच्या, कापसासारखे केस, आवाज इतका मऊ की करवतीखाली सापडून जातो. त्यांनी कपाटातला एक कप्पा माझ्यासाठी रिकामा करून त्यात नवा कागद अंथरून ठेवला होता. दादाकडे एवढी वर्षं काढली, पण माझे कपडे कायम पलंगाखालच्या ट्रंकेत. कप्पा पाहिला आणि डोळ्यांत पाणीच आलं. सासूबाईंनी जवळ घेतलं.

हे पाण्याच्या पंपावर ऑपरेटर आहेत. उंच, खांद्यात जरा वाकलेले. हसले की तोंडावर हात धरतात, जसं काही हसणं कुणी बघितलं तर काढून घेईल.

अंगणात एक जुनी पिकअप आहे. तिचा मूळ रंग कुठला ते ओळखून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यावं. चारही चाकं बसलेली, मागच्या हौद्यात गवत, बॉनेटला मुठीएवढाली भोकं. सासरे तिच्यातून वखारीची लाकडं पोचवायचे म्हणे. सासूबाई म्हणाल्या, आता ही पुन्हा होती तशी करायची आहे, घरातल्या घरात, तुझ्या पायगुणाने होईल. हे चहाचा कप तसाच ठेवून आत गेले.

७ मार्च

कामाला सुरुवात झाली. पत्र्याच्या कामाला एक ठोकेमामा येतात. खरं नाव कुणालाच माहीत नाही, आयुष्यभर गाड्यांचे पत्रे ठोकले म्हणून ठोकेमामा. कानाने अधू, त्यामुळे करवतीचा त्रास त्यांना सोडून सगळ्यांना. पहिल्या दिवशी गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, हिला गंज लागलेला नाही, गंजाला थोडी गाडी लागली आहे.

मी दोन हात लावीन म्हटलं तर मामांनी खरंच लावायला दिले. वायर ब्रशने खरवडायचं, मग पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचं. पडद्यांच्या दुकानात अठरा वर्षं शिलाई मारली, बोटांना कामाची सवय आहे. निघालेले स्क्रू, नट, वॉशर मी डब्यांत वेगवेगळे ठेवले. हे वाकून बघत म्हणाले, "खारूताई, हिवाळ्याची बेगमी चाललीय का?" माझा जीव हरखला. लग्नानंतर पहिलीच थट्टा. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या आणि ह्यांचा चेहरा असा बंद झाला की मीच काहीतरी चुकले असं वाटलं.

१९ मार्च

बॉनेट उतरवलं. मडगार्डांचा सडका भाग कापून नवा पत्रा जोडला. अंगणभर लाल भुकटी. केस धुतले तरी पाणी लालच.

हे सगळी कामं करतात. गाडीखाली तासन्‌तास पडून असतात, इंजिनात कोपरापर्यंत हात घालतात. पण केबिनला हात लावत नाहीत. दार उघडं असलं तर पाठ करून बसतात. मामा म्हणाले, आतलं मी आणि तू करू.

सासूबाई रोज दुपारी खुर्ची टाकून सावलीत बसतात आणि काम बघतात. काल लसूण सोलता सोलता मला विचारलं, "जीव आहे ना गं त्याचा तुझ्यावर?" मी लाजले. त्या म्हणाल्या, लग्नाला तो तयारच नव्हता, मी हट्ट धरला. त्याने कुणावर तरी जीव लावावा एवढीच माझी इच्छा राहिली आहे. अशी सासू किती जणींच्या वाट्याला येते?

२८ मार्च

मन खट्टू आहे. हे माझ्याशी घरात परक्यासारखे वागतात. बाजारात गेलो की वेगळेच असतात, पिशवी हातातून घेतात, मागे वळून बघतात. उंबरा ओलांडला की संपलं. काल जेवताना मी जास्त वाढलं तर हे सासूबाईंसमोर ताट सरकवून उठले. रडू आवरेना म्हणून सासूबाईंकडेच गेले. म्हटलं, ह्यांना मी आवडत नाही बहुतेक.

त्या कासावीसच झाल्या म्हणाना. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, असं म्हणू नकोस. तो लपवतो. तू त्याला लपवू देऊ नकोस.

३ एप्रिल

आज केबिनचं अस्तर काढलं. जुनं सीट म्हणजे उंदरांचं घर झालं होतं. ड्रायव्हरच्या पलीकडच्या दाराच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, रंगावर ओरखडे दिसले. पुष्कळ. एकाशेजारी एक, बारीक, काही ठिकाणी पत्र्यापर्यंत गेलेले. मला वाटलं कुणाचं कुत्रं नेत असतील. पॉलिश पेपर घेऊन घासायला बसले तर सासूबाई खुर्चीवरून धावतच आल्या. या वयात एवढं धावता येतं त्यांना!

"ते तसंच राहू दे."

म्हटलं, रंग नीट बसणार नाही. त्यांनी माझ्या हातातला पेपर काढून घेतला. मामांना ऐकू आलं नव्हतं, तरी तेही काम थांबवून खाली बघत उभे राहिले. मग मला कळलं की मामांना माहीत आहे. ह्यांना माहीत आहे. मला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

४ एप्रिल

सासूबाईंनी स्वतःच सांगितलं. कपडे वाळत घालता घालता, जसं काही शेजारणीबद्दल बोलतायत.

ह्यांना एक बहीण होती. सगळे तिला धाकटी म्हणत. सात वर्षांची. असाच उन्हाळा होता. दोघं लपाछपी खेळत होती. ती गाडीत लपली. ह्यांनी बघितलं, गंमत म्हणून बाहेरून दार नीट लावून घेतलं, आणि वखारीत मुलं खेळत होती तिकडे गेले. गाडीच्या दारांना आतून मुठी नव्हत्या, तुटलेल्या होत्या. करवत चालू होती. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, इथून दिसतं तेवढ्या अंतरावर. संध्याकाळी करवत थांबली तेव्हा शोधाशोध झाली.

मी कपडे तसेच धरून उभी राहिले. त्या म्हणाल्या, गाडी मी विकू दिली नाही. तो सकाळी उठला की खिडकीतून आधी तीच दिसली पाहिजे. एवढीच माझी अट होती. मी त्याला एकदा मारलंसुद्धा नाही, विचार त्याला.

५ एप्रिल

यांना बाजाराच्या निमित्ताने बाहेर नेलं. नदीच्या पुलावर सांगितलं की मला कळलंय. हे कठड्याला धरून उभ्याउभ्या रडले. अकरा वर्षांचं पोर होतं ते! मी म्हटलं, तुम्ही मारलं नाहीत तिला. म्हणाले, हे वाक्य इतक्या वर्षांत मला कुणीच म्हटलं नाही.

मग एक सांगितलं. धाकटी गेल्यानंतर यांनी एक कुत्र्याचं पिल्लू पाळलं होतं. ते मोठं झालं, यांच्या मागे मागे फिरायला लागलं, तेव्हा एक दिवस आईने ते पोत्यात घालून नेलं. कुठे, विचारायची हिंमत झाली नाही. आईच्या देखत कशावर जीव दाखवायचा नाही, हे तेव्हापासून.

म्हणून ताट सरकवलं होतं. मी किती वेडी! मी म्हटलं, कुत्र्याची गोष्ट वेगळी, त्यांचं दुःख तेव्हा ओलं होतं. मला त्यांनी पोटच्या मुलीसारखं केलंय. आता लपवालपवी पुरे.

१७ एप्रिल

घरात हसू आलंय. हे मला सगळ्यांसमोर खारूताई म्हणतात. काल गाडीचं इंजिन पहिल्यांदा खोकलं, धुराचा लोट आला, आणि ह्यांनी मला उचलूनच घेतलं. मामांनी कानावर हात ठेवायच्या ऐवजी डोळ्यांवर ठेवले. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. त्यांचा चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

गाडीला निळा रंग दिला. इतक्या जुन्या दारांच्या काचा मिळेनात, म्हणून मामांनी जाड पारदर्शक प्लॅस्टिकची तावदानं कापून स्क्रूने पक्की बसवली. वरखाली होत नाहीत, पण हातोडी मारून दाखवली, चराही पडेना. मागच्या खिडकीला जाळी. दारांना सगळीकडे नवं रबर. सीट मी शिवलं.

आतल्या मुठी मात्र यायच्या आहेत. सासूबाईंनी त्या चकाकी चढवायला पाठवल्यात.

२५ एप्रिल

एक विचित्रच झालं. सासूबाई म्हणाल्या, आत बसून दार लावून बघ, रबर नीट बसलंय का. मी बसले. त्यांनी दार लावलं. म्हणाल्या, काहीतरी बोल. बोलले. मोठ्याने बोल. बोलले. त्या दोन पावलांवर कान देऊन उभ्या होत्या आणि मान हलवत होत्या. ऐकू येत नाही. मग त्या मागे सरकून नुसत्या बघत राहिल्या. मी हाताने खूण केली, उघडा. त्या बघत राहिल्या. शेवटी उघडलं आणि माझ्या कपाळाचा घाम स्वतःच्या हाताने पुसला.

यांना सांगितलं. यांचा चेहरा उतरला. म्हणाले, पुन्हा आत बसू नकोस. दुसऱ्या गावच्या पंपावर बदली मागितली आहे, तिथे क्वार्टर मिळेल. आईला आत्ता सांगू नकोस. शपथच घातली.

१ मे

सांगून टाकलं. मला पोटात ठेवता येईना. भाजी चिरता चिरता त्यांनी इतक्या मायेने विचारलं, हल्ली तुम्ही दोघं काय कुजबुजता, मला म्हातारीलाही सांगा की. मला वाटलं, एकटी पडणार ही बाई, निदान फसवायला तरी नको.

त्यांनी सुरी खाली ठेवली. विचारलं, "तुझ्यासाठी तो घर सोडतोय?" मी हो म्हटलं. "तुझ्यासाठी?" पुन्हा हो.

हसल्या. म्हणाल्या, चांगलं झालं. म्हणजे खरंच लागलाय जीव.

५ मे

दुपारी मागे गेले तर सासूबाई गाडीसमोर खुर्ची टाकून बसलेल्या. उन्हात. गाडीसुद्धा सावलीतून ढकलून उन्हात आणलेली — कुणाकडून ढकलून घेतली? केबिनमध्ये काहीतरी हललं. वखारीतली मांजर. तोंड उघडत होती, आवाज नाही. मी धावले. त्यांनी माझं मनगट धरलं. इतका जोर कुठून येतो हिच्या हातात? म्हणाल्या, आपणहून गेली आत. बघू दे किती वेळ लागतो.

बऱ्याच झटापटीनंतर हात सुटला, दार उघडलं. उशीर झाला होता. मांजर सीटवर, मी शिवलेल्या सीटवर —

त्यांनी ती पोत्यात भरली.

६ मे

हे सकाळीच नव्या पंपावर गेलेत, क्वार्टर बघायला. चार तारखेलाच ठरलं होतं, कालचं सगळं ऐकून जायला तयार नव्हते. मीच पाठवलं. लवकर क्वार्टर मिळालं तर लवकर सुटू. परवा येणार.

वखारीतल्या फोनवरून दादाला लावला. वहिनीने घेतला. मी मांजरीचं सांगितलं. म्हणाली, एका मांजरीसाठी सासर सोडून येणारी पहिलीच बघितली. ट्रंक आता धान्याला वापरतो, जागा नाही. ठेवून दिला.

ठोकेमामांना विचारलं मुठींचं. ओरडून, हातवारे करून. चकाकी चढवायला त्या कुणाकडेच गेल्या नव्हत्या. मामांनी त्या तयार करून सासूबाईंच्याच हातात दिल्या होत्या. मामा नजर देईनात. म्हणाले, काम संपलं, उद्यापासून मी येत नाही. पोरी, तूही राहू नकोस.

७ मे, सकाळ

मुठी तिच्या उशीखाली. दोन्ही. चकाकतायत.

पिशवी भरली. दोन कपडे, ही वही. स्टँडवर जाऊन बसते. उद्या हे तिथेच उतरतील. ती अंघोळीला गेली आहे. आत्ताच —

७ मे, दुपार

आत आहे. गाडीत.

मागच्या दाराने निघाले होते. केबिनमध्ये पिल्लू दिसलं. त्या मांजरीचं असेल, मुठीएवढं. तावदानावर पंजे. दार उघडलं. ते सीटमागे घुसलं. वाकले, हात घातला — एक पाय तेवढा बाहेर, पायरीवर. ढकललं तिने मला. दार. मग किल्ली.

ओले केस तसेच. धावत आली होती.

मुठीच्या जागी भोक आहे. बोट जातं. काही सापडत नाही. लाथा मारल्या. तावदान वाकतं, फुटत नाही. पुढची काच तडकली, जाळं झालंय तिचं, पण पडत नाही, आत कसलासा पापुद्रा. पिशवीत पाणी घेतलं नाही. स्टँडवर मिळेल म्हटलं.

ओरडले. करवत.

खुर्ची आणली तिने. बसली आहे.

—

ऊन थेट आत आलं. स्टिअरिंगला हात लावता येत नाही. पिल्लू मांडीवर.

तिने तावदानाला तोंड लावलं. एवढ्या जवळून ऐकू येतं. तावदान धुकट होतं तिच्या श्वासाने.

"ह्याचसाठी मी थांबले. किती वर्षं. त्याच्याकडून काढून घ्यावं असं त्याचं काहीच नव्हतं ना गं."

म्हटलं, ते अकरा वर्षांचे होते. म्हटलं, मूल होतं. तिने ऐकलं. मान हलवली. हो म्हणाली. "ती सात."

—

पुन्हा आली.

"रोज लिहितेस, बघते मी. आताही लिही. माझ्या लेकीला सांगता नाही आलं. आधी काय झालं तिला? तहान लागली, की भीती वाटली, की झोप आली? मला कुणी सांगितलंच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेली. तू सांग. खरं लिहिलंस तर उघडीन."

उघडेल?

"नाहीतर तो वाचेल. मी देईन त्याला."

—

पिल्लू हलत नाही. ओढणी ओली होती घामाने, त्याच्यावर धरली. आता घाम येत नाहीये मला. का?

हे वाचतील. तुम्ही वाचाल. ऐका. मला त्रास होत नाहीये. गार वाटतंय. खरंच. पुलावर उभं असल्यासारखं. झोप येते आहे, चांगली झोप. धाकटीलाही अशीच आली असेल. तुम्ही काही केलं नाहीत. क्वार्टरला पडदे मी —

निळे लावा.

—

पान दाखव म्हणाली. तावदानाला लावलं. वाचलं तिने. ओठ हलवत, एकेक शब्द. रडली. मला वाटलं झालं, उघडते. किल्ली हातात होती. दाराशी आली.

दारावर खाली बोट ठेवलं. बाहेरून. ओरखडे आतून आहेत, बरोबर त्याच जागी.

"खोटं. परत लिही."

बसली.

—

अक्षर नीट येत नाही. डोकं — करवत डोक्यात. जीभ चामड्याची

उघडेल. किल्ली मांडीवर आहे तिच्या

हे वाचतील पण. हे वाचू नका. पुढचं नका वाचू

परत लिहिते. खरं. आधी हात